हापूस विकणाऱ्या वेबसाइटचा खरा हंगाम पावसाळ्यात

हापूसच्या पेट्या थेट गिऱ्हाइकाला पाठवणाऱ्या बागायतदाराला आपल्या वेबसाइटची आठवण होते ती साधारण फेब्रुवारीअखेर, पहिली तोड जवळ आली की. तेव्हा उशीर झालेला असतो. आज बदललेलं पान गुगलने येऊन वाचायचं, नोंदवायचं, मग बाकीच्या पानांशी ताडून त्याची जागा ठरवायची, यात नव्या किंवा लहान साइटचे आठवडे जातात, कधी महिने. हंगाम मात्र मार्च ते मे एवढाच. त्यामुळे एप्रिलमध्ये साइट कुठे दिसणार हे बरंचसं जून ते नोव्हेंबरमध्ये ठरून गेलेलं असतं.

पुढची कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने दिली आहेत. उदाहरण देवगड-रत्नागिरी पट्ट्यातल्या विक्रेत्याच्या वर्डप्रेस साइटचं आहे. काजू, कोकम किंवा होमस्टे असेल तरी पद्धत हीच, फक्त शब्द बदलतील.

चाव्या आधी आपल्या हातात घ्या

डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवलेली जागा), गुगल सर्च कन्सोल आणि गुगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावरची व्यवसायाची नोंद) या चारही गोष्टी मालकाच्या ईमेलवर हव्यात. साइट करून देणाऱ्याने सगळं स्वतःच्या जीमेलवर उघडलेलं असतं, आणि दोन वर्षांनी तो फोन उचलत नाही. साइट बनवणाऱ्याला वापरकर्ता म्हणून प्रवेश द्यावा, मालकी देऊ नये. डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल अशी सोय करा. ऐन हंगामात डोमेन संपलं तर पुढचं सगळं वाचणं व्यर्थ आहे.

मग सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट गुगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच साधन. ते फुकट आहे. प्रॉपर्टी जोडताना दोन पर्याय येतात, त्यातला 'डोमेन' निवडा. असं केलं की तीन डब्ल्यू असलेला पत्ता, नसलेला पत्ता, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या सगळ्यांचे आकडे एकत्र दिसतात. गुगल एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मालकी पटवणारी अक्षरांची ओळ, देतं. जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये तो जसाच्या तसा चिकटवायचा आणि परत येऊन पडताळणीचं बटण दाबायचं. लगेच झालं नाही तर काही तासांनी पुन्हा दाबा. रेकॉर्ड नंतरही तिथेच राहू द्या, काढला तर पडताळणी जाते.

त्यानंतर साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी. वर्डप्रेस तो स्वतःच तयार करतं, एसईओचं (शोधात वर येण्याच्या कामाचं) प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, असेल तर त्याचा वेगळा पत्ता मिळतो. दोन्हीपैकी एकच पत्ता सर्च कन्सोलच्या साइटमॅप विभागात द्या. एका फाइलमध्ये ५० हजार पत्ते मावतात, तेव्हा आंब्याच्या साइटला मर्यादेची चिंता नाही. साइटमॅपमधले 'प्रायॉरिटी'चे आकडे ठरवण्यात संध्याकाळ घालवू नका, गुगल ते बघत नाही.

गुगलला साइट दिसते का?

नंबर वर का येत नाही हा प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच साइट मुळात गुगलच्या नोंदीतच नसतात. सर्च कन्सोलमध्ये वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाका आणि यूआरएल इन्स्पेक्शन करा. पान नोंदलं गेलंय की नाही आणि नसेल तर का, हे तिथे कळतं.

पहिला संशयित वर्डप्रेसमध्येच बसलेला असतो. सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर सर्वांत खाली सर्च इंजिनांना परावृत्त करणारा एक चौकोन आहे. साइट बनत असताना त्यावर टिक केली जाते आणि साइट सुरू झाल्यावर काढायची राहून जाते. ती टिक असेल तर प्रत्येक पानावर 'नोइंडेक्स' म्हणजे 'नोंदवू नका' अशी खूण लागते आणि साइट कितीही देखणी असली तरी निकालात येत नाही.

दुसरा संशयित रोबॉट्स फाइल, म्हणजे गुगलबॉटला, गुगलच्या पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला, सूचना देणारी फाइल. इथे एक गफलत नेहमी होते. रोबॉट्स फाइल फक्त गुगलबॉटला पान उघडू नको म्हणते, ते नोंदीतून काढत नाही. एखादं पान निकालातून काढायचं म्हणून कोणी नोइंडेक्सही लावतं आणि रोबॉट्समध्ये बंदीही घालतं. मग गुगल पान उघडत नाही, त्यामुळे आतला नोइंडेक्स वाचत नाही, आणि पानाचा नुसता पत्ता निकालात लटकत राहू शकतो. काढायचं असेल तर नोइंडेक्स लावा आणि दार उघडं ठेवा.

पेज इंडेक्सिंगच्या अहवालात 'क्रॉल केलं, सध्या नोंदवलं नाही' अशा अर्थाचा शेरा दिसला तर तांत्रिक दोष शोधत बसू नका. गुगलने पान वाचलंय आणि ठेवण्यासारखं काही सापडलेलं नाही, असाच त्याचा बहुधा अर्थ असतो. चार ओळींचं, दहा ठिकाणी सापडणारं वर्णन असलेल्या पानांवर हा शेरा हमखास दिसतो. पुन्हा पुन्हा 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' दाबून तो जात नाही, मजकूर बदलल्यावर जातो.

मजकूर खरंच मजकूर आहे का?

ही अडचण मराठी साइटची खास. पानावरचं एखादं मराठी वाक्य निवडा, कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवा. तीन गोष्टी घडू शकतात.

वाक्य जसंच्या तसं आलं तर ठीक. त्याऐवजी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची खिचडी आली, तर तो मजकूर जुन्या छपाईच्या फाँटमधला आहे. माहितीपत्रक डीटीपीवाल्याकडे श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये झालेलं असतं, तोच मजकूर साइटवर चिकटवलेला असतो. फाँट चढवला म्हणून माणसाला 'हापूस' दिसतं, पण गुगलला त्याखालची खिचडीच दिसते आणि असा शब्द जगात कोणीही शोधत नाही. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या अक्षरांत, रूपांतरित करून घ्या. नंतर एकदा डोळ्यांखालून घालाच, कारण जोडाक्षरं आणि रफार रूपांतरात हटकून बिघडतात.

तिसरी शक्यता, वाक्य निवडताच येत नाही. म्हणजे ते चित्र आहे. व्हॉट्सॲपच्या पोस्टरसारखं एक मोठं चित्र, त्यातच दर, फोन नंबर, 'नैसर्गिकरीत्या पिकवलेला', सगळं काही. चित्रातली अक्षरं पानाचा मजकूर म्हणून धरली जातील या भरवशावर राहू नका. फोनवर ती वाचताही येत नाहीत. दर, वजन, गाव, फोन हे सगळं अक्षरांत लिहा. चित्र हवंच असेल तर फळाचं ठेवा.

गिऱ्हाईक काय लिहून शोधतं

या कामाला पैसे लागत नाहीत, कान लागतात. गेल्या हंगामातले व्हॉट्सॲपवरचे प्रश्न उघडा आणि वहीत उतरवा. पेटीत किती आंबे येतात? पिकलेले पाठवता की कच्चे? साका (आतला खराब गर) निघाला तर बदलून देता का? कुरिअरने की गाडीने? देवगडचा आणि रत्नागिरीचा यांत फरक काय? लोक गुगलला हेच विचारतात. सोबत गुगलच्या शोधपट्टीत 'हापूस' लिहून थांबा, खाली ज्या सूचना उघडतात त्याही टिपून घ्या. साइट जुनी असेल तर सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात लोकांनी वापरलेले शब्दच मिळतात.

एकच वस्तू लोक तीन तऱ्हेने शोधतात: देवनागरीत 'हापूस आंबा', रोमन लिपीत 'हापूस', आणि इंग्रजीत 'अल्फान्सो मँगो'. रोमनमध्येही 'हापूस'चं स्पेलिंग दोन-तीन प्रकारचं. प्रत्येक स्पेलिंगसाठी वेगळं पान काढायची गरज नाही, गुगलला ती एकच वस्तू असल्याचं बऱ्यापैकी समजतं. मराठी पानावर 'अल्फान्सो' आणि इंग्रजी पानावर 'हापूस' हे शब्द वाक्याच्या ओघात एक-दोनदा आले की पुरे.

आता वहीतल्या प्रश्नांचे गठ्ठे करा. 'देवगड हापूस ५ डझन दर', 'हापूस ऑनलाइन पुणे' हे खरेदीचे शब्द आहेत, ते विक्रीच्या पानाकडे न्यायचे. 'साका म्हणजे काय', 'अढी कशी लावायची' (म्हणजे फळं पिकायला पेंढ्यात कशी रचायची), 'खरा हापूस कसा ओळखायचा' हे माहितीचे प्रश्न, त्यांना वेगवेगळी पानं. एका प्रश्नाला एकच पान द्या. त्याच विषयावर तीन अर्धवट लेख असतील तर ते एकमेकांचे पाय ओढतात. त्यांतलं चांगलं पान ठेवा, बाकीच्यांतलं कामाचं त्यात घ्या आणि जुने पत्ते तिकडे वळवा.

एक मोह मात्र टाळा. 'कोथरूडमध्ये हापूस', 'बाणेरमध्ये हापूस', 'डोंबिवलीत हापूस' अशी तेच वाक्य आणि फक्त गावाचं नाव बदललेली चाळीस पानं काढायची टूम अजून चालू आहे. गुगलच्या स्पॅम धोरणात अशी पानं डोअरवे (नुसतं शोधातून माणूस ओढायला केलेली दारं) म्हणून नावानिशी निषिद्ध आहेत. त्यापेक्षा घरपोच सेवेचं एकच पान करा: पुण्याला गाडी कोणत्या वारी निघते, कोणत्या भागात किती आकार, पेटी कुठून उचलता येईल, किमान मागणी किती. खऱ्या तपशिलांचं हे एक पान त्या चाळीसांवर भारी पडतं.

पानाचा पत्ता: लहान, रोमन, बिनवर्षाचा

देवनागरी पत्ता ब्राउझरमध्ये छान दिसतो, आणि गुगलला तो चालतोही. घोटाळा तो पाठवताना होतो. कॉपी केल्यावर प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्णांची माळ होते. 'हापूस' या शब्दात ह, काना, प, दीर्घ ऊकार आणि स अशी पाच चिन्हं आहेत, म्हणजे एवढ्याशा शब्दाचे पंचेचाळीस वर्ण. व्हॉट्सॲपवर असा पत्ता आला की लोकांना तो फसवणुकीचा वाटतो. शिवाय वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० वर्णांवर कापतं, त्यामुळे बाविसाव्या चिन्हानंतरचं मराठी शीर्षक पत्त्यातून गळून पडतं आणि दोन लांब शीर्षकांचे पत्ते जवळजवळ सारखे होऊन बसतात. तेव्हा शीर्षक मराठीत ठेवा, पत्ता मात्र रोमन लिपीत, दोन-चार शब्दांचा, आडव्या रेघांनी जोडलेला.

पत्त्यात वर्ष घालू नका. का, ते पुढे.

हंगाम संपल्यावर पान मारू नका

हापूसच्या साइटवरची सगळ्यांत महागडी चूक हीच आहे. जून उजाडला की 'देवगड हापूस' हे पान ड्राफ्टमध्ये टाकलं जातं किंवा पुसलं जातं, आणि मार्चमध्ये नव्या वर्षाचा आकडा लावून नवं पान निघतं. जुन्या पानाला मिळालेल्या लिंका, गुगलकडची त्याची ओळख, लोकांनी फोनमध्ये जपून ठेवलेला पत्ता, हे सगळं दरवर्षी शून्यावर येतं. कलम लावायचं आणि पहिली तोड झाली की तोडायचं, असा हा कारभार.

करायचं असं. विक्रीच्या पानाचा पत्ता कायमचा एकच. हंगाम संपला की पान उघडंच ठेवा. वरती एक ओळ लिहा: 'यंदाचा हंगाम संपला. पुढच्या हंगामाची नोंदणी सुरू आहे.' खाली नाव आणि फोन घेणारा छोटा फॉर्म. दुकानाच्या प्लगइनमध्ये माल 'आउट ऑफ स्टॉक' करा, नोंदणी घेत असाल तर 'प्रीऑर्डर'. दर, वर्णन, छायाचित्रं, अभिप्राय सगळं जागच्या जागी राहू द्या. हे पान 'माल उपलब्ध नाही' एवढ्या एकाच वाक्याचं करून टाकलंत, तर गुगल त्याला सॉफ्ट ४०४ म्हणजे असून नसल्यासारखं समजू शकतं. डिसेंबर-जानेवारीत मोहोर आला की त्याचा फोटो आणि यंदा तोड केव्हा सुरू होईल याचा अंदाज याच पानावर लिहा.

आधीच दोन-तीन वर्षांची वेगवेगळी पानं साचली असतील तर प्रत्येकाचा जुना पत्ता ३०१ रीडायरेक्टने कायमच्या पानाकडे वळवा. सगळे मुख्यपृष्ठाकडे वळवायची सोपी वाट धरू नका. विषय जुळत नसला की गुगल तेही सॉफ्ट ४०४ धरतं. रीडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवा, जमलं तर कायमचे. वळवल्यावर साइटमधल्या मेनूतल्या आणि लेखांमधल्या लिंकाही नव्या पत्त्याच्या करा.

शीर्षक आणि त्याखालचे दोन शब्द

निकालात जी निळी ओळ दिसते ती बहुतेक वेळा टायटल टॅगमधून, म्हणजे पानाला दिलेल्या शीर्षकाच्या रकान्यातून, येते. बऱ्याच साइटवर ती 'होम' अशी असते, किंवा नुसतं बागेचं नाव. बागेचं नाव माहीत असलेलं गिऱ्हाईक तुम्हाला शोधून काढतंच, प्रश्न बाकीच्यांचा आहे.

'देवगड हापूस, ५ डझन पेटी – पुणे-मुंबई घरपोच' हे चालेल. वस्तू आधी, मग माप, मग सेवा, आणि जागा उरली तर बागेचं नाव शेवटी. गुगल अक्षरं मोजत नाही, रुंदी बघतं आणि न मावणारा भाग तोडतं, म्हणून मोलाचे शब्द पुढे. स्वतःचा फोन घेऊन तपासा, गिऱ्हाईक त्यावरच बघणार आहे. 'आजचा दर' हे शब्द शीर्षकात तेव्हाच घाला जेव्हा दर खरोखर रोज बदलला जातो. आत जाऊन मागच्या महिन्याचा दर दिसला की माणूस परत फिरतो.

प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं. गुगलला ते पानाशी जुळणारं वाटलं नाही तर गुगल स्वतःच दुसरं लावतं, बहुधा पानावरच्या मोठ्या मथळ्यातून. म्हणून तो मथळाही नीट लिहा.

मेटा डिस्क्रिप्शनने, म्हणजे निकालात शीर्षकाखाली दिसू शकणाऱ्या वर्णनाने, क्रमांक बदलत नाही, पण क्लिक बदलतो. दोन वाक्यं पुरतात: काय मिळेल, कोणत्या मापात, कुठे पोचेल, खराब निघालं तर काय. मेटा कीवर्डचा (शोधशब्दांचा) रकाना सरळ रिकामा सोडा. गुगल तो वापरत नाही हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी त्यात पन्नास शब्द भरून त्याचे पैसे लावणारे अजून आहेत.

पेटीच्या पानावर काय लिहायचं

'आमचा आंबा रसाळ, मधुर व अस्सल आहे' हे वाक्य प्रत्येक साइटवर आहे, त्यामुळे ते नसल्यासारखंच. त्याऐवजी मोजता येईल असं लिहा. एक नमुना:

'पेटीत ५ डझन फळं, एकेक फळ साधारण २०० ते २५० ग्रॅमचं. फळ तयार पण टणक असतानाच पेंढ्यात भरून पाठवतो. पेटी आल्या दिवशी उघडा, फळं पेंढ्यावर एका थरात पसरा, फ्रिजमध्ये ठेवू नका. रंग फिरला आणि देठाजवळ वास सुटला की खायला घ्या. साका निघालेल्या फळाचा कापलेला फोटो पाठवा, त्याचे पैसे पुढच्या पेटीत वळते करतो.'

या पाच वाक्यांत वहीतल्या चार-पाच प्रश्नांची उत्तरं आली. पुढे मापांचा तक्ता द्या. पेटी चार डझनांची की आठ, हे फळाच्या आकारावर ठरतं हे आपल्याला पाठ असतं, पण बंगळुरूच्या किंवा दुबईच्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसतं. डझनाचा भाव कमी दिसला म्हणून त्याने बारीक फळाची पेटी मागवली की मग वाद होतो.

विश्वासाचे पुरावेही अक्षरांत हवेत. बाग कोणत्या गावात, किती कलमांची, तोड कोण करतं, फोन कोण उचलतं. एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी परवाना क्रमांक तळाशी लिहा. कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते असाल तर तसं लिहा आणि प्रमाणपत्राचं छायाचित्र लावा. नसाल तर ते चिन्ह वापरू नका. बाहेरचा आंबा देवगडच्या नावाने विकला जातो हे शहरातल्या गिऱ्हाइकालाही ठाऊक आहे. 'खरा हापूस कसा ओळखायचा' या प्रश्नाचं उत्तर बागेतल्या माणसाने स्वतःच्या फोटोंसह दिलं, तर त्याची नक्कल करणं कोणालाही कठीण जातं.

यंत्राकडून 'आंबा खाण्याचे २१ फायदे' छापाचे शंभर लेख पाडून घेऊ नका. फक्त क्रमवारीसाठी घाऊक मजकूर ओतणं हे गुगलच्या धोरणात मार्च २०२४ पासून स्पष्टपणे स्पॅम आहे, आणि ते लेख वाचून पेटी कोणी मागवत नाही. हंगामाला पाच नीट लेख पुरेत.

फोटो आणि वेग

या साइट मंद असतात त्या बहुधा फोटोंपायी. फोनने काढलेला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, तोही पाच फोटोंच्या सरकत्या पट्टीत. करायचं ते एवढं: रुंदी १६०० पिक्सेलच्या आत आणा, वेबपी या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात साठवा, एक फोटो २०० केबीच्या आसपास आला पाहिजे. सरकती पट्टी काढून एकच फोटो ठेवा. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग (माणूस तिथवर पोचल्यावरच फोटो उतरवणारी सोय) असू द्या, पण सर्वांत वरच्या मोठ्या फोटोला नको. तो माणसाच्या डोळ्यांसमोर पहिला यायचा असतो, लेझी केला तर उशिरा उतरतो आणि वेगाचा आकडा बिघडतो. कित्येक प्लगइन सरसकट सगळ्यांना लेझी लावतात, तिथे अपवाद टाका. फोटोंना रुंदी-उंची दिलेली असावी, नाहीतर पान उघडताना मजकूर खाली उडी मारतो आणि बोट भलत्याच बटणावर पडतं.

तपासायला गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये पत्ता टाका आणि मोबाइलचा भाग बघा. गुगलच्या मोजपट्ट्या तीन: मुख्य भाग २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा, आणि मजकुराच्या उड्यांचा आकडा ०.१ च्या आत राहावा. शंभरपैकी शंभर गुणांच्या मागे लागू नका. चांगला मजकूर थोड्या मंद पानावर असला तरी वर येतो, रिकामं पान विजेच्या वेगाने उघडलं तरी येत नाही.

फाइलचं नाव आणि फोटोचा पर्यायी मजकूर साध्या शब्दांत द्या: 'पेंढ्यात भरलेली पाच डझन देवगड हापूसची पेटी'. तिथे कीवर्डची माळ लावू नका.

मराठी आणि इंग्रजी

दोन्ही भाषांत विकत असाल तर दोन्हींना स्वतंत्र पत्ते द्या. कोपऱ्यातलं भाषांतराचं बटण पान फक्त ब्राउझरमध्ये बदलतं, त्यातून गुगलसाठी नवं पान तयार होत नाही. दोन्ही पानांवर एचरेफलँगच्या (हेच पान दुसऱ्या भाषेत कुठे आहे ते सांगणाऱ्या) खुणा लावा, आणि त्या परस्पर हव्यात: मराठी पानाने इंग्रजीकडे बोट दाखवलं आणि इंग्रजीने परत दाखवलं नाही, तर खूण वाया जाते. अर्ध्या वाक्यात मराठी आणि मेनू-तळटीप सगळी इंग्रजी, अशी मिसळ टाळा. दुसऱ्या भाषेतलं पान नीट सांभाळता येत नसेल तर एकाच भाषेत पूर्ण आणि चांगलं करा.

नकाशावरची नोंद

'हापूस जवळपास' असं शोधलं की वर नकाशा आणि तीन दुकानं येतात. ती जागा बिझनेस प्रोफाइलमधून मिळते, आणि ती सगळ्यांसाठी नाही. गिऱ्हाईक तुमच्या जागी येतं किंवा तुमची माणसं स्वतः त्याच्या दारी जातात, अशाच व्यवसायाला प्रोफाइल काढता येतं. सगळा माल कुरिअरनेच जात असेल आणि बागेत कोणी येत नसेल, तर तिकडे वेळ घालवू नका.

प्रोफाइलमध्ये नाव पाटीवर आहे तेच लिहा. नावाला 'अस्सल देवगड हापूस होलसेल दर' अशी शेपटी जोडली की कोणीतरी तक्रार करतं आणि प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, तेही बहुधा एप्रिलमध्ये. पडताळणीसाठी हल्ली बहुधा व्हिडिओ मागतात: रस्ता, पाटी, आतला माल आणि तुम्ही तिथले मालक असल्याचा पुरावा, सगळं एका सलग चित्रीकरणात. हे पावसाळ्यातच उरका. पेटी पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी, फळ खाऊन झाल्यावर अभिप्राय मागा. सवलत देऊन अभिप्राय घेणं नियमाविरुद्ध आहे. वाईट अभिप्रायाला दोन शांत ओळींत उत्तर द्या, पुढचं गिऱ्हाईक ते वाचतं.

स्ट्रक्चर्ड डेटा

स्ट्रक्चर्ड डेटा म्हणजे वस्तूची माहिती गुगलला वाचता येईल अशा साच्यात देणं. वू-कॉमर्स हे वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगइन असेल तर ती बऱ्याच अंशी आपोआप जाते. फक्त गुगलच्या रिच रिझल्ट्स टेस्टमध्ये पान टाकून दर, चलन आणि उपलब्धता बरोबर आहे का बघा. पानावर १,८०० आणि डेटात गेल्या वर्षीचे १,५०० असं होता कामा नये. दोन एसईओ प्लगइन एकाच वेळी चालू असतील तर वस्तू दोनदा नोंदली जाते, एक बंद करा. प्रश्नोत्तरांचा विस्तारित निकाल गुगलने ऑगस्ट २०२३ मध्येच सरकारी आणि आरोग्यविषयक साइटपुरता आखडता घेतला. त्याचं आमिष कोणी दाखवलं तर पैसे देऊ नका. आधी मजकूर, मग हे.

लिंका

पाच हजार रुपयांत हजार लिंका विकणाऱ्याला फोनवरच नाही म्हणा. क्रमवारीसाठी लिंका विकत घेणं धोरणाविरुद्ध आहे, आणि त्या लिंका असतात भलत्याच देशांतल्या ओसाड साइटवर. पहिल्या नंबरची हमी देणाऱ्यालाही तेच उत्तर. अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, हे गुगल स्वतः सांगतं. जाहिराती घेतल्या म्हणून खालचा फुकटचा क्रमांक वाढतो, हाही गैरसमज.

खऱ्या लिंका ओळखीतून येतात. ज्या सोसायटीत तुमची गाडी जाते तिची साइट, पुण्यातला मिठाईवाला जो तुमचा आमरस वापरतो, शेजारचा होमस्टे, गावाची माहिती देणारी साइट, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ जे दर मेमध्ये पेट्या मागवतं. वर्षाला अशा पाच-सात मिळाल्या तरी लहान साइटला त्या जाणवतात.

आकडे वाचताना

परफॉर्मन्स अहवालात क्लिक, इम्प्रेशन (पान निकालात किती वेळा दिसलं), सीटीआर (दिसल्यापैकी किती वेळा क्लिक झालं) आणि सरासरी क्रमांक हे चार रकाने चालू ठेवा आणि एकेक शब्दसमूह बघा. समजा 'अढी कशी लावायची' यासाठी पान ९०० वेळा दिसलं, सरासरी क्रमांक पाचवा आणि क्लिक अवघे सहा. म्हणजे पान ठीक आहे, शीर्षक ओढून घेत नाही. शीर्षक आणि वर्णन बदला. दुसरा शब्दसमूह अठ्ठाविसाव्या क्रमांकावर असेल तर शीर्षकाने काही होणार नाही, पानातच कमी आहे: उत्तर अपुरं, किंवा साइटमधल्या इतर पानांवरून तिकडे लिंकच नाही. एका वेळी एकच बदल करा, तारीख वहीत लिहा, आणि तीन-चार आठवडे त्याला हात लावू नका.

मेमधला आकडा जूनशी ताडून घाबरू नका, हंगामी मालात तो पडणारच. हा एप्रिल गेल्या एप्रिलशी ताडा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांचे आकडे ठेवतं, म्हणजे गेला हंगाम दिसतो, त्याआधीचा पुसला गेलेला असतो. दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात, शेवटची पेटी गेली की, शब्दांचा आणि पानांचा पूर्ण अहवाल उतरवून घ्या, फाइलला वर्षाचं नाव द्या आणि आपल्याजवळ ठेवा. वहीतली पुढच्या हंगामाची यादी त्या फाइलवरूनच करायची असते.